राजा राहिला, सोंगाड्या गेला

मी आमच्या घरातली पहिली पदवीधर. हे मी कुणी विचारायच्या आधीच सांगते आणि सांगताना आवाज खाली करत नाही. अप्पा चौथी, आई अंगठा, त्यांच्या मागच्यांचं विचारूच नका. त्यामुळं बीदरच्या भाड्याच्या घरात मी कंप्युटर आणून ठेवला तेव्हा त्यातलं सगळं मला कळतं असं घरच्यांनी धरून टाकलं. मीही धरलं. पुढं जे झालं त्याची सुरुवात तिथं आहे.

आमचं गाव औरादच्या पलीकडं. येळवस, म्हणजे मार्गशीर्षातली वेळ अमावास्या, झाली की आठ-दहा दिवसांनी गावची जत्रा भरते, आणि जत्रेत नाटक होतं. त्या नाटकातला राजा कन्नड बोलतो आणि सोंगाड्या मराठी. राजा काय म्हणाला ते सोंगाड्यानं लोकांना समजावून सांगायचं, म्हणजे मुद्दाम भलतंच सांगायचं. राजा गरजतो, "यारल्ली?" म्हणजे कोण आहे तिकडं. सोंगाड्या लोकांकडं वळून म्हणतो, "राजा इचारायलाय, जेवलं न्हाई कोन? हात वर करू नगा, मला कमी पडंल." आमच्याकडं दोन्ही भाषा सगळ्यांनाच येतात, म्हणून लोक दोनदा हसतात.

अप्पा त्या नाटकाचे मास्तर. त्यांना ते त्यांच्या गुरूकडून मिळालं, एका लांबट वहीत. कन्नड ओळी कन्नडात, मराठी ओळी बाळबोधीत. सहा वर्षं नाटक बंद होतं. जुना सोंगाड्या आधी आजारी पडला, मग वारला. त्याला वाचता येत नव्हतं, सगळं तोंडात होतं, ते त्याच्याबरोबर गेलं. राजा, प्रधान, राणी करणाऱ्यांना आपापलं पाठ आहे. झोपेतून उठवलं तरी म्हणतील. सोंगाड्याचं मात्र फक्त त्या वहीत उरलं होतं. यंदा गावातल्या गिरणीवाल्या अण्णांनी सोंगाड्या करायचं कबूल केलं, आणि नाटक पुन्हा उभं राहणार असं ठरलं. अप्पांनी त्याच दिवशी वही काढली. वाळवीनं शिवण खाल्ली होती. पानं सुटी झाली होती.

"बाई, तुझ्या पेटीत घाल की हे," अप्पा फोनवर म्हणाले.

दिवाळीनंतरचे सगळे रविवार आम्ही त्यात घालवले. अप्पा पहिल्या बसनं यायचे, वही धुतलेल्या धोतरात गुंडाळलेली. ते वाचायचे, मी टाईप करायची. कन्नड मला येत होतं. मी बीदरजवळच्याच कोळारला एका गोदामाच्या ऑफिसात आहे, तिथं दिवसभर कन्नडच टाईप करते, आणि तोच जुना कन्नड फॉन्ट घरच्या मशीनवर पहिल्या दिवसापासून होता. मराठीचं अवघड होतं. मोबाईलवर पोरं लिहितात तसं 'के' दाबून 'क' काढायचं मला पटत नाही. मी उदगीरला टायपिंगची परीक्षा दिलेली आहे, दहा बोटांची. म्हणून उदगीरच्या ज्या छापखान्यात शिकले तिथून मराठीचा जुना फॉन्ट पेनड्राईव्हवर आणला. मशीनमध्ये घातला, चालला, आणि पेनड्राईव्ह पुसून त्यावर चुलत बहिणीच्या लग्नाचे व्हिडिओ भरले.

शेवटचं पान झालं त्या रविवारी अप्पांनी विचारलं, "झालं का समदं? एक बी वळ ऱ्हायली न्हाई?"

"न्हाई अप्पा. आता काय भ्यायचं कारण न्हाई."

"मग वही मांजरेला देऊ."

आमच्याकडं जीर्ण झालेली पोथी रद्दीत घालत नाहीत, जाळतही नाहीत. वाहत्या पाण्यात सोडतात. नाटकाची वही म्हणजे पोथीच, पहिल्या पानावर नमन आहे. वर अप्पांचं आणखी एक होतं: देवघरात दोन शंख ठेवत नाहीत, दोन लिंगं ठेवत नाहीत, तशा एका घरात एका नाटकाच्या दोन वह्या नसाव्यात. नवी आली की जुनीला निरोप. मी हसले नाही. उलट मला बरं वाटलं. माझी पेटी त्या वहीच्या जागी बसत होती. गावी परत जाताना भालकीच्या पुढं मांजरा नदीच्या पुलावर बस थोडी थांबवून अप्पांनी विभूती लावलेली वही पाण्यात सोडली. कंडक्टर ओळखीचा होता, त्यानंही हात जोडले.

छापून काढू म्हटलं तर अप्पा म्हणाले, जत्रेआधी एकदा सगळं वाचून दुरुस्त करू, मग छापू. मीही म्हटलं, कंप्युटरात आहे की.

आणि मी काही अगदीच गाफील नव्हते. दसऱ्याला, आयुधपूजेच्या दिवशी, आमच्या ऑफिसात वजनकाट्यालासुद्धा हळदकुंकू लावतात. तसं मी घरी कंप्युटरला झेंडू वाहिला आणि मशीनमध्ये एक रिस्टोर पॉइंट करून ठेवला. म्हणजे आजची स्थिती मशीननं लक्षात ठेवायची, पुढं बिघडलं तर तिथं परत जायचं. नावच दिलं 'आयुधपूजा'. माझ्या डोक्यात हाच बॅकअप. ऑफिसात मी दोघींना तसं शिकवूनही टाकलं होतं.

जत्रेला आठ दिवस राहिले, आणि मशीन बिघडलं.

रविवार होता. सकाळी मशीननं स्वतःहून काहीतरी अपडेट घेतलं आणि त्यानंतर सुरू झालं की पाच-सात मिनिटांत गोठायला लागलं. बाण जिथल्या तिथं. बंद करा, सुरू करा, पुन्हा तेच. अप्पा आणि गिरणीवाले अण्णा दुपारच्या बसनं येणार होते. अण्णांना त्यांचं काम, म्हणजे सोंगाड्याच्या ओळी, आज हातात द्यायचं ठरलं होतं, पाठांतराला सहा-सात दिवस तरी पाहिजेतच. मी फाटकापर्यंत जायची, परत यायची, पडद्यासमोर बसायची, उठायची. चहाचे घासलेले कप पुन्हा घासले.

गल्लीच्या तोंडाशी कंप्युटर दुरुस्त करणारे एक चाचा आहेत. त्यांना फोन लावला.

"अक्का, आज दुकान बंद है. मंगल को लाओ मशीन."

"मंगळवारपर्यंत थांबता येत न्हाई चाचा. रिस्टोर करू का? मागं नेते मशीनला."

"करो. मगर पहले फायल का बॅकअप लिए क्या?"

"रिस्टोर पॉइंट हाय की माझ्याकडं."

"अरे अक्का, वो अलग, ये अलग. रिस्टोर बोले तो मशीन पीछे जाती. बॅकअप बोले तो फायल की दूसरी कापी, दूसरी जगा पे. पीछे गए तो बाद में डाले सो चीज़ां निकल जाते. पेनड्राईव है ना? पाँच मिनट चलती बोले ना मशीन? उतने में फायल निकाल लेव."

"मला म्हाईत हाय चाचा," मी म्हणाले.

हे वाक्य मी आयुष्यात फार वेळा म्हटलंय.

पेनड्राईव्ह टेबलावरच होता. त्यावर लग्नाचे व्हिडिओ होते, थोडे पुसावे लागले असते. एवढंच कारण. खरं कारण वेगळं होतं: दुसरी प्रत काढायची म्हणजे पहिलीवर भरवसा नाही असं कबूल करायचं. अप्पांनी वही नदीला दिली होती माझ्या भरवशावर. आणि पडद्यावर इंग्रजीत स्वच्छ लिहिलेलं होतं की तुमच्या कागदपत्रांना, फोटोंना धक्का लागणार नाही. मी वाचलं. इंग्रजी मला वाचता येतं, त्याचाच तर अभिमान. त्याच्या खाली एक बटण होतं, कोणकोणते प्रोग्रॅम निघून जातील ते पाहायचं. ते दाबलं असतं तर यादी आली असती. मी दाबलं नाही, घाई होती.

आधी आदल्या दिवशीचा, मशीननं आपणहून केलेला पॉइंट निवडला. बराच वेळ गोल गोल फिरून 'झालं नाही' असा निरोप आला. मग राहिला माझा 'आयुधपूजा'. दाबला. तासभर तरी ते चाललं. त्या तासात मी दारातली रांगोळी झाडली, पुन्हा काढली, आणि ठिपके चुकले.

मशीन सुरू झालं. पाच मिनिटं, दहा मिनिटं, वीस. गोठलं नाही. मी टाळीच वाजवली एकटीनं. नाटकाची फाईल जागच्या जागी होती. उघडली.

राजाची ओळ: "यारल्ली?" कन्नडात, व्यवस्थित.

त्याखाली सोंगाड्याची ओळ: इंग्रजी अक्षरं, कंस, टक्क्याची खूण, उलटे स्वल्पविराम. पान खाली ओढलं. राजा आहे, प्रधान आहे, राणी तिचं लांबलचक रडगाणं गातेय, आणि मधे मधे जिथं जिथं सोंगाड्या तोंड उघडतो तिथं तिथं तसलाच कचरा. गावातल्या सगळ्यांना जे पाठ आहे ते राहिलं होतं. कुणालाच पाठ नव्हतं ते गेलं होतं.

तेवढ्यात फाटक वाजलं.

अप्पा आत आले, मागून अण्णा. अण्णांच्या भुवयांवर पीठ होतं, सुटीच्या दिवशीही असतंच. "आन गं माझं काम," ते बसायच्या आधीच म्हणाले, "बायकूला सांगून आलाव, आजपासनं घरात बी सोंगाड्याच हाव. ती म्हनाली, आधी काय हुतास?"

मला हसू आलं नाही. अप्पा पडद्याजवळ आले. त्यांना इंग्रजी येत नाही, पण इंग्रजी अक्षर ओळखू येतं. त्यांनी बोट टेकवलं.

"बाई, सोंगाड्याला इंग्रजी कामून बोलवायलीस?"

"मला इंग्रजी?" अण्णा खुर्चीवरून उठले. "मास्तर, मी सातवी नापास मानूस हाव!"

"थांबा जरा अप्पा. ते नीट व्हायचंय अजून."

"नीट व्हायचंय म्हनजे?"

मी दोन वेळा काहीतरी उलटसुलट दाबल्यासारखं केलं. मग सांगितलं. मशीन मागं नेलं, दसऱ्यापर्यंत. मराठीचा फॉन्ट दिवाळीनंतर घातलेला, तो निघून गेला, आणि तो नसला की त्यात टाईप केलेलं सगळं असं इंग्रजी खुणांत दिसतं. आणि उदगीरहून आणलेली त्याची प्रत मी लग्नासाठी पुसली. अप्पा ऐकत होते. त्यांनी एवढंच विचारलं, "आन वही?"

वही कुठं आहे ते त्यांना माझ्यापेक्षा नीट माहीत होतं. विचारल्यावर त्यांचं त्यांनाच कळलं, आणि ते खिडकीकडं बघायला लागले. मला वाटलं रागावतील. रागावले असते तर बरं झालं असतं, मला भांडता येतं.

"राजा ऱ्हायला, सोंगाड्या गेला," ते म्हणाले. "पुन्यांदा गेला."

मी चाचांना परत फोन केला. माझा आवाज बदलला असणार, कारण त्यांनी आधी 'क्या हुआ बेटी' असं विचारलं. याआधी कधी बेटी म्हटलं नव्हतं. मी सगळं सांगितलं.

"अक्षरां गए नहीं," ते म्हणाले. "आदमी अंदर जिंदा है, कपडे उतर गए उसके. वो फॉन्ट फिर से पहनाओ, उठ के खडा हो जाता."

"हे रिस्टोर उलटं फिरवता येतं असं दिसतंय इथं. फिरवू का? फॉन्ट येईल परत."

"नक्को! हौ, फॉन्ट तो आता, मगर बिगडी हुई मशीन भी वापस आती. बीच में अटक गई तो? अब कुछ भी करने के पहले फायल बाहर निकालो. पहले बाहर. फिर जो करना सो करो. समझे?"

"समजलं चाचा," मी म्हणाले. 'माहीत आहे' म्हणाले नाही.

लग्नाचे व्हिडिओ पुसले. नवरी माझ्यावर अजून रुसलेली आहे. फाईल पेनड्राईव्हवर घेतली, ऑफिसच्या मेलवरसुद्धा स्वतःलाच पाठवली, आणि मशीन बंद करून त्यावर फडकं टाकलं, उगाच हात जायला नको म्हणून.

सोमवारी मी रजा टाकली. अण्णा संध्याकाळच्या बसनं गावी गेले, अप्पा रात्री माझ्याकडंच राहिले होते, सकाळी दोघं उदगीरच्या बसमध्ये बसलो. पेनड्राईव्ह मी रुमालात बांधून मुठीत धरला होता. दर थोड्या वेळानं मूठ उघडून बघायची. पुलावर बस आली तेव्हा अप्पांनी खाली पाण्याकडं पाहिलं, मी पलीकडच्या खिडकीतून तुरीच्या शेताकडं. मला सारखं वाटत होतं की छापखाना बंद असणार. फॉन्ट काढून टाकला असणार. माणूसच बदलला असणार.

छापखाना उघडा होता. मशीन तेच, माझ्या शिकण्याच्या वेळचं, वर धूळही बहुतेक तीच. छापखान्याच्या काकांनी पेनड्राईव्ह घातला, फाईल उघडली आणि मोठ्यानं वाचायला लागले:

"राजा इचारायलाय, जेवलं न्हाई कोन?"

अप्पांनी माझं मनगट धरलं. घट्ट.

काका खाली गेले, हसले, पुढं गेले आणि थांबले. "पण मास्तर, ह्यो राजा काय बोलायलाय हितं? शिव्या द्यायलाय का?"

मी बघितलं. उदगीरच्या मशीनवर कन्नडचा फॉन्ट कुठला असायला? इकडं सोंगाड्या ठणठणीत होता आणि राजा, प्रधान, राणी सगळ्यांचा कचरा झाला होता. कंस, टक्के, उलटे स्वल्पविराम. बीदरमध्ये राजा जिवंत, उदगीरमध्ये सोंगाड्या. मी कपाळाला हात लावला. आणि अप्पा हसायला लागले. कालपासून पहिल्यांदा. डोळ्यांत पाणी येईपर्यंत हसले.

"छापा," ते काकांना म्हणाले. "हाय तसं छापा. राजाचं मी बगतो."

काकांनी फॉन्ट मला पेनड्राईव्हवर परत दिला आणि सगळं नाटक छापून दिलं, राजाच्या कचऱ्यासकट. अप्पा तिथूनच गावाला गेले, अण्णा वाट बघत होते. नंतर आईनं फोनवर सांगितलं की दोन दिवस ते ओट्यावर बसून तेच करत होते. प्रत्येक कचऱ्याच्या ओळीवर रेघ मारायची आणि वर राजाचं वाक्य तोंडपाठ लिहायचं, कन्नडात, लहानपणी मठात शिकले त्या वळणानं. चौथी पास माणूस. मी घरी परत येऊन फॉन्ट घातला, आणि तो घालायच्या आधी फाईलची प्रत काढली.

पुढच्या रविवारी मी एक स्वच्छ प्रत छापून गावी नेली. राजा कन्नड, सोंगाड्या मराठी, दोघंही धडधाकट. अप्पांनी हातात घेतली, पानं चाळली आणि परत माझ्याकडं दिली.

"माझ्याकडं हाय की एक. घरात दोन नगं."

"अप्पा, दोन पाहिजेत. तीन असल्या तर आणखी बरं. आता तरी ऐका."

"मी कुटं नगं म्हनलाव? एका घरात नगं म्हनलाव."

चाचा फोनवर हेच म्हणत होते, दुसरी कापी, दुसरी जगा पे. मला ते दोन्ही माणसांनी सांगितलं होतं आणि मी दोघांनाही अडाणी समजले होते. स्वच्छ प्रत अण्णांच्या गिरणीत गेली, पट्ट्याच्या वरच्या फळीवर, प्लॅस्टिकच्या पिशवीत. पेनड्राईव्ह कोळारच्या ऑफिसात माझ्या खणात. रिस्टोर पॉइंट मी अजून करते; मशीन चालेनासं झालं तर तेच उपयोगाला येतं, ते खोटं नाही. पण त्याच्याकडून नाटक सांभाळायची अपेक्षा मी सोडली.

जत्रेत नाटक झालं. मी पडद्यामागं होते, हातात गिरणीतली प्रत, प्रत्येक ओळीवर बोट ठेवून. लोक स्टेज बघत होते, मी कागद बघत होते. अण्णा एकही वाक्य चुकले नाहीत. मग राजा पुन्हा गरजला, "यारल्ली?" आणि अण्णांनी कमरेतून एक चिठ्ठी काढली, जी कागदात नव्हती. उदगीरच्या छापातली राजाची कचऱ्याची एक ओळ त्यांनी फाडून ठेवली होती.

"थांबा, थांबा, यंदा राजा इंग्रजी शिकून आलाय," ते म्हणाले आणि वाचायला लागले. "एस्... कंस... टक्का... पुन्यांदा टक्का... आन शेवटाला राजा म्हनतो, मास्तरची पोरगी पदवीधर हाय, तिला इचारा!"

सगळी जत्रा हसली. मी पडद्यामागं लाल झाले, आणि हसले.

दुसऱ्या दिवशी बसला बसवायला अप्पा स्टँडवर आले. बस सुटताना खिडकीशी येऊन म्हणाले, "बाई, अण्णाचं नवं वाक्य झकास हाय. फाईलीत घाल."

"घालते अप्पा."

बस वळली आणि मग माझ्या लक्षात आलं की ते वाक्य आता एकट्या अण्णांच्या तोंडात आहे. गिरणीतली प्रत जुनी झाली, खणातला पेनड्राईव्ह जुना झाला. अण्णांचं वय पन्नाशीच्या पुढं. मी पर्स उघडली, तिकिटाच्या मागच्या कोऱ्या बाजूवर पेन टेकवलं आणि आठवेल तसं लिहायला लागले. बस खड्ड्यांतून चालली होती, अक्षर धड येत नव्हतं. एस्, कंस, टक्का. पुन्हा टक्का होता की एकदाच?